गावभागातला बोळ आणि पुण्याची हवा

पत्र

सर, मी सांगलीत वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी गावभागातला एक बोळ घेतला आहे. पूर्व-पश्चिम जातो, रुंदी जेमतेम तीन मीटर, दोन्ही बाजूंना दुमजली घरं, पश्चिमेच्या टोकाला कृष्णेचा घाट. आहे तसा बोळ, तोंडाशी असलेल्या चौकात कडुनिंब लावलेला बोळ आणि वर हिरवी शेडनेट ताणलेला बोळ, अशा तीन स्थिती एन्व्ही-मेट या परिसरातल्या हवेचं मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तपासायच्या आहेत. पुण्याची ईपीडब्ल्यू फाइल (वर्षभराच्या हवामानाची तयार फाइल) घातली तर मे महिन्यात दुपारी अडीचला बोळात ३४.१ अंश दाखवतं. मी त्याच वेळेला मोजलं तर ३८.२. मग आमच्या गॅलरीत टांगलेल्या थर्मामीटरचे चोवीस तासांचे आकडे सिंपल फोर्सिंगमध्ये, म्हणजे बाहेरची हवा मॉडेलला देण्याच्या साध्या पद्धतीत, भरले. आता सगळं छान जुळतं, आर-वर्ग (जुळणीचं माप, जास्तीत जास्त १) ०.९६ येतो. गाइडसर म्हणाले, झालं काम. मला मात्र पटत नाही. दोन्हींतलं खरं कुठलं? बाकीच्या सेटिंगमध्ये काय भरायचं? सोलर ॲडजस्टमेंटचा, म्हणजे मॉडेलमधलं ऊन कमी-जास्त करणारा, आकडा वाढवून जुळवून घेतलं तर चालतं का? ज्युरी तीन आठवड्यांवर आहे, लॅपटॉप एका रनला तीस तास घेतो. सेटिंगची फाइल सोबत जोडली आहे.
— गावभागातली विद्यार्थिनी, सांगली

उत्तर

तुझी शंका रास्त आहे. गाइडसरांची घाईही समजण्यासारखी आहे, ज्युरीच्या तोंडावर जुळणारा आलेख कोणाला नको असतो? पण हे दोन्ही रन बाद धर. पुण्याची हवाही नको आणि गॅलरीतलीही नको. सोलर ॲडजस्टमेंटला तर तूर्त हातच लावू नकोस.

हवामानाचा टॅब आपल्याला नेमकं काय विचारतो, तिथूनच सुरुवात करू. त्याला बोळातली हवा नको असते. मॉडेलच्या हद्दीवरून आत शिरणारी हवा कशी आहे, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं. ती हवा तुझ्या घरांना, फरशीला, झाडांना भेटली की तिचं काय होतं, ते मॉडेल स्वतः काढतं. तू बोळातच मोजलेलं तापमान हद्दीवर भरलंस, म्हणजे उत्तर प्रश्नपत्रिकेतच छापून दिलंस. मग उत्तर बरोबर आलं याचं नवल ते काय! शिवाय यात एक छुपा घोटाळा आहे. भिंतींनी तापवलेली हवा तू बाहेरची म्हणून आत सोडलीस आणि मॉडेलमधल्या भिंतींनी ती पुन्हा तापवली. म्हणजे उष्णता दोनदा मोजली गेली. तरीही आकडा जुळतो आहे, याचा अर्थ दुसरीकडे कुठेतरी तेवढीच थंडी चुकून शिरली आहे. ती कुठून, हे तुझी फाइल उघडल्यावर दिसलं. खाली सांगतो.

त्या ०.९६ च्या आर-वर्गावर फार जीव टाकू नकोस. सूर्य उगवला की तापमान चढतं, कलला की उतरतं. मे महिन्यातल्या निरभ्र दिवशी सांगली आणि सोलापूर यांची तासातासाची तापमानं शेजारी ठेवलीस तरी आर-वर्ग दणदणीत येईल. दोन रेषा सोबत चढतात-उतरतात एवढंच तो सांगतो. एक रेष दुसरीपेक्षा चार अंशांनी खाली असली तरी त्याला त्याचं काही नाही. म्हणून अहवालात सरासरी फरक आणि आरएमएसई (फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) हे दोन्ही अंशांत दे. विलमॉटचा जुळणी निर्देशांक दिलास तर उत्तम. आर-वर्ग द्यायचा तर दे, पण शेवटी.

आता पुण्याची फाइल. सांगलीपासून पुणं सरळ रेषेत दोनशेएक किलोमीटर. पण अंतर हा त्यातला लहान दोष झाला. ईपीडब्ल्यू बहुतेक वेळा 'नमुनेदार वर्षा'ची असते. अनेक वर्षांच्या नोंदींतून प्रत्येक महिन्यासाठी सर्वांत प्रातिनिधिक महिना निवडतात आणि ते बारा महिने एकापुढे एक जोडतात. जानेवारी एका सालचा, मे दुसऱ्याच सालचा. इमारतीचा वर्षभराचा वीजवापर काढायला ही फाइल चांगली. पण तू अमुक तारखेला अडीच वाजता मोजलेल्या ३८.२ शी तिची तुलना करायची, तर तो दिवस मुळात त्या फाइलमध्ये नाहीच. ३४.१ आणि ३८.२ मधल्या फरकाचा काही भाग इथेच निकालात निघतो.

मग हवा आणायची कुठून? मेमध्ये आपल्याकडे दुपारनंतरचा वारा पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो. तुझ्या बोळाच्या पश्चिमेला नदी, पलीकडे सांगलीवाडी आणि त्यापुढे शेती. म्हणजे बोळात शिरणारी हवा त्या बाजूच्या मोकळ्या रानावरून येते. तिकडची नोंद मिळाली तर सोन्याहून पिवळं. कसबे डिग्रजला कृषी विद्यापीठाचं हळद संशोधन केंद्र आहे, ते बरोबर त्याच बाजूला. तिथे हवामानाच्या नोंदी ठेवतात का, हे कॉलेजच्या पत्रासह प्रत्यक्ष जाऊन विचार. फोनवर अशी कामं होत नाहीत. महावेध या राज्याच्या हवामान प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रं महसूल मंडळनिहाय आहेत. तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस तिथे नोंदला जातो. हवामान खात्याच्या नोंदी पुण्याच्या कार्यालयाकडून रीतसर अर्ज करून मिळतात. त्याला वेळ लागतो, पण अर्ज आजच टाक.

तासगाव-मिरज पट्ट्यात एखादा द्राक्षबागायतदार ओळखीचा असला तर त्याच्याकडेही चौकशी कर. डाऊनी या बुरशीच्या रोगाचा अंदाज बांधण्यासाठी बऱ्याच बागांत हवामान केंद्रं बसवलेली असतात आणि मालक मंडळी आकडे दाखवायला हौशीने तयार असतात. मात्र सेन्सर कुठे लावलाय ते डोळ्यांनी पाहून ये. मांडवाखाली, पानांच्या गर्दीत असेल तर तो वेलींची हवा सांगतो, रानाची नाही. रोगाच्या अंदाजासाठी ते बरोबरच आहे, तुझ्या कामाला मात्र उपयोगाचं नाही. बांधावरच्या खांबावर, उघड्यावर असेल तर खुशाल घे.

यातलं काहीच वेळेत हाती आलं नाही, तर ईआरए-५. युरोपच्या हवामान केंद्राचा हवामानाच्या आकड्यांचा हा संच फुकट आहे, तासातासाचा आहे आणि १९४० पासूनचा आहे. त्याचा एक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे आपल्याकडे साधारण २७-२८ किलोमीटरचा. त्याला तुझा बोळ दिसत नाही, आणि तेच आपल्याला हवं आहे, कारण आपण पार्श्वभूमीची हवा शोधतोय. जमिनीसाठीचा ईआरए-५ लँड हा संच साधारण नऊ किलोमीटरचा. माझं मत विचारशील तर तापमान आणि आर्द्रता जवळच्या खऱ्या केंद्राची घ्यावी, वारा आणि सूर्यप्रकाश ईआरए-५ चा. वारा तिथे दहा मीटर उंचीवरचा मिळतो आणि एन्व्ही-मेटही दहा मीटरचाच मागतं, त्यामुळे ती एक कटकट वाचते. डाउनलोड केल्यावर दोन गोष्टी लगेच उरकून टाक. वेळ ग्रिनिचची असते, तिच्यात साडेपाच तास मिळव. पाच मिळवून अर्धा तास विसरणारे खूप आहेत. तुझे अडीच वाजतात तेव्हा तिथे बरोबर नऊ असतात. आणि सूर्यप्रकाश तासाभराच्या बेरजेत, ज्यूलमध्ये असतो. वॉट हवे असतील तर ३६०० ने भागावं लागतं. भागल्यावर मेमधल्या निरभ्र दुपारी हजाराच्या आसपास आकडा दिसला की समजायचं, गाडी रुळावर आहे.

आर्द्रतेच्या रकान्यात तू जे केलंस ते जवळजवळ सगळेच करतात. पुण्याच्या फाइलमधलं कमाल तापमान कमी वाटलं म्हणून तू ते तीन अंशांनी वाढवलंस आणि सापेक्ष आर्द्रता होती तशीच ठेवलीस. पण ३५ अंशांना ३० टक्के आणि ३८ अंशांना ३० टक्के ही एकच हवा नव्हे. दुसरीत पाण्याची वाफ सुमारे १८ टक्क्यांनी जास्त आहे. नकळत तू हवेत पाणी ओतलंस, आणि शरीराला किती त्रास होतो याचा हिशेब पुढे त्याच पाण्यावर होणार. तापमानाला हात लावायचाच असेल तर दवबिंदू कायम ठेव आणि त्यावरून नवी सापेक्ष आर्द्रता काढ. सोपं सूत्र आहे, स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत होतं. खाली २५०० मीटरवरची विशिष्ट आर्द्रता विचारणारा रकाना आहे. त्यासाठी मुंबई-गोव्याहून सोडल्या जाणाऱ्या हवामान-फुग्यांच्या नोंदी इंटरनेटवर मिळतात. तिथे फार वेळ घालवू नकोस, बोळातल्या दीड मीटरवर त्याचा परिणाम किरकोळ.

आता वारा. तुझ्या फाइलमध्ये वाऱ्याचा वेग १२ आहे. हा मोबाइलच्या ॲपवरून घेतलेला दिसतोय. ॲपमधले १२ हे ताशी किलोमीटर, सॉफ्टवेअरला मीटर प्रति सेकंद लागतात. १२ किलोमीटर म्हणजे ३.३ मीटर प्रति सेकंद. तू मात्र ताशी ४३ किलोमीटरचं वारं सोडलंस! वळीव यायच्या आधी पत्रे उडवणारं वारं असतं ना, तसलं, आणि तेही चोवीस तास अखंड. बोळाची सगळी ऊब ते वाहून नेणारच. गॅलरीच्या रनमध्ये दोनदा मोजलेली उष्णता कुठे गेली, याचं अर्धं उत्तर हे.

केंद्रावरचा वारा दहा मीटर उंचीचा नसेल तर तो चढवून घ्यावा लागतो. शेतीच्या केंद्रांवर यंत्र बहुधा दोन-तीन मीटरवर असतं. मोकळ्या गवताळ जमिनीसाठी खडबडीतपणा ०.०३ मीटर धरला आणि लॉगचं सूत्र लावलं, तर तीन मीटरवरचे २ मीटर प्रति सेकंद दहा मीटरवर साधारण अडीच होतात. शेजारी डोक्याएवढा ऊस उभा असेल तर हे सूत्र गंडतं. असं केंद्र वाऱ्यासाठी घेऊच नये. दिशा भरताना वारा जिकडून येतो तो कोन द्यायचा: पश्चिमेचा वारा २७०. तुझ्या फाइलमध्ये ९० आहे, म्हणजे वारा मिरजेकडून घाटाकडे चाललाय. तुझा बोळ पूर्व-पश्चिम असल्यामुळे नेमके २७० दिलेस तर वारा थेट नळीत शिरल्यासारखा बोळातून जाईल आणि शेडनेट फारच गुणाची दिसेल. २७० बरोबर एक रन २९० चाही कर. सिंपल फोर्सिंगमध्ये दिशा आणि वेग दिवसभर एकच राहतात. तुझा प्रश्न दुपारचा आहे म्हणून दुपारचा वारा घे, सकाळचा जुळला नाही तरी चालेल, तसं लिहून मोकळी हो. फुल फोर्सिंग (सगळं हवामान वेळेनुसार बदलतं देण्याची पद्धत) उघडत असेल तर दर अर्ध्या तासाचा वारा देता येतो. मात्र पहाटेच्या निवांत हवेचे शून्य-पॉइंट-काहीतरी आकडे जसेच्या तसे घालू नकोस, मॉडेल अडखळतं. तिथे किमान एक मीटर प्रति सेकंद ठेव.

सूर्याच्या बाबतीत सांगलीची गंमत आहे. सांगली १६.८५ अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्याअखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि भरदुपारी सावली दक्षिणेला पडते. उत्तरेची भिंत नेहमी गार असते, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य त्या तीन महिन्यांत सांगलीला लागू नाही. तू मोजलंस मेच्या दुसऱ्या आठवड्यात. त्या दिवसांत अडीच वाजता सूर्य क्षितिजापासून ६१ अंशांवर असतो. सात मीटर उंच घराची सावली पूर्वेकडे जवळपास चार मीटर पडते. बोळ दक्षिणोत्तर असता तर तीन मीटर रुंदी सगळी सावलीत गेली असती. तुझा पडला पूर्व-पश्चिम. सूर्य त्याच्या लांबीवरूनच चालत जातो आणि अडीच वाजता घरांची सावली बोळात अर्धा मीटरही येत नाही. शेडनेटचा तुझा मुद्दा खरा इथे आहे, आणि पत्रात तू त्याचा उल्लेखही केलेला नाहीस. प्रबंधात तो पहिल्या पानावर यायला हवा.

हे सगळं बरोबर यायचं तर ठिकाण आणि वेळ बरोबर हवी. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, सांगली ७४.५७ वर. फरक जवळपास ३२ मिनिटांचा. म्हणून मेमध्ये आपली खरी मध्यान्ह घड्याळात १२ वाजून २८ मिनिटांच्या सुमाराला होते. तू अक्षांश-रेखांश सांगलीचे भरलेस, पण वेळेचा संदर्भ-रेखांशही ७४.५७ ठेवलास. त्यामुळे मॉडेलच्या मते बाराला मध्यान्ह होते, आणि अडीचला ते सूर्य ५४ अंशांवर समजतं. सात मीटरच्या घराची सावली तेवढ्यानेच मीटरभर लांबते. दुरुस्त केल्यावर निकालात साडेबाराचं चित्र उघडून बघ. सावली जवळपास नाहीशी झालेली दिसली पाहिजे. सकाळी नऊला ती पश्चिमेला पडलेली हवी. दोन मिनिटांची तपासणी आहे, तिने तीस तास वाचतात.

आता ती चुकून शिरलेली थंडी. जमिनीच्या टॅबमध्ये वरच्या थरापासून खालपर्यंत तू २० अंश ठेवलेत, म्हणजे सॉफ्टवेअरने दिले तसेच. हे सॉफ्टवेअर जर्मनीत जन्मलं, तिकडच्या उन्हाळ्याला हे आकडे शोभतात. सांगलीत मेमध्ये पहाटेही वरचा थर २८-३० अंशांच्या घरात असतो, आणि दोन मीटर खालची माती वर्षाच्या सरासरी तापमानाच्या आसपास म्हणजे पंचविशीच्या पुढेच असते. बोळाखाली वीस अंशांची जमीन ठेवली की ती दिवसभर वरची उष्णता पीत बसते. हवा तेवढ्याने गार दिसते. वरच्या थराला ३०, मधल्याला ३० आणि खालच्याला २८ देऊन बघ. शक्य असेल तर पहाटे पाचला एखाद्या अंगणात दहा सेंटिमीटर खोल थर्मामीटर खुपसून खरा आकडा घे. ओलावाही बदलावा लागेल. नदीकाठची काळी माती खाली ओल धरून असते, पण वरची वीतभर मेमध्ये भेगाळलेली, कोरडी ठाक. फरशी आणि काँक्रीटखाली हा प्रश्न फारसा येत नाही. चौकातल्या कडुनिंबाखाली मात्र येतो, कारण मुळांना पाणी मिळालं तरच झाड बाष्प सोडून हवा गार करणार.

घरांच्या आतलं तापमानही २० अंश आणि वर 'स्थिर ठेवा' या खुणेसह. म्हणजे गावभागातल्या एकूण एक घरात एसी, आणि तोही दिवसरात्र, पांघरूण घेऊन झोपण्याइतका! आत ३१-३२ पासून सुरुवात कर आणि ती खूण काढ. वीस अंशांची जमीन, वीस अंशांची घरं आणि वादळी वारं, या तिघांनी मिळून गॅलरीतल्या जादा उष्णतेवर पाणी ओतलं आणि तुझा आलेख जुळला.

आता कळलं असेल, सोलर ॲडजस्टमेंटला नाही का म्हणालो ते. तो आकडा एकपेक्षा वाढवला की सूर्य जास्त तापतो आणि दुपारचं तापमान जुळतं. पण भिंतीवर पडणारं ऊन खोटं होतं, आणि तुला तर शेडनेटने अडवलेल्या उन्हाचाच हिशेब मांडायचा आहे. जे मोजायचं तेच वाकवून बाकीचं सरळ करायचं, यात हाती काय लागणार? हा आकडा बदलायचं एकच सबळ कारण: कॉलेजच्या गच्चीवर किंवा जवळपास प्रत्यक्ष मोजलेला सूर्यप्रकाश हाती असणं आणि मॉडेलचा त्याच्याशी मेळ नसणं. ढग शून्य ठेव. त्यासाठी वळीव न आलेला, आभाळ स्वच्छ असलेला दिवस निवड. दुपारी चारला पाऊस पडून गेलेला दिवस या पद्धतीत बसत नाही.

सामान्य सेटिंगमध्ये फार काही नाही, पण जे आहे ते नडतं. फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत, आखूड, मध्ये मोकळी जागा न सोडता. सुरुवात तू सकाळी नऊला केली आहेस, ती आधीच्या मध्यरात्रीवर ने. सूर्योदय सहाच्या सुमाराला आहे. भिंती आणि जमीन रात्रीतून सावरल्या पाहिजेत, आणि पहिले काही तास तसेही फेकूनच द्यायचे असतात. रात्रीच्या उकाड्याबद्दल काही म्हणायचं असेल तर ४८ तास चालवून फक्त दुसरा दिवस वाचायचा. तुला त्याची गरज दिसत नाही. निकाल दर तासाला साठवतेस, म्हणून अडीचचा आकडा फाइलमध्ये नाहीच. तू दोनचा घेतलास. दर अर्ध्या तासाला साठव, किंवा त्याहून बरं, थर्मामीटर होता बरोबर त्या जागी रिसेप्टर (मॉडेलमधल्या एकाच जागेचे आकडे नोंदणारा बिंदू) ठेव आणि त्याचं अंतर दहा मिनिटं कर. टर्ब्युलन्स मॉडेल आणि वेळेचे टप्पे आहेत तसे राहू देत. प्रदूषणाचा भाग बंद.

एक घरगुती सूचना: पॉवर सेटिंगमध्ये जाऊन स्लीप बंद कर, विंडोजचा अपडेट पुढे ढकल आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवरच्या प्लगला लाव. मे महिन्यात चार टिपूस पडले की लाइट जाते आणि अठ्ठाविसाव्या तासाला बंद पडलेला रन बघण्यासारखं दुःख नाही.

मोजमापाकडेही पुन्हा एकदा बघ. गॅलरीतला थर्मामीटर भिंतीला टेकलेला असेल तर ३८.२ मध्ये भिंतीचाही वाटा आहे. बोळात दीड मीटर उंचीवर, भिंतीपासून हातभर दूर, पांढऱ्या झडपांच्या आडोशात ठेवून पुन्हा मोज. टेबल टेनिसचा चेंडू करड्या रंगात रंगवून त्यात सेन्सर घातलास तर ऊन आणि भिंती मिळून अंगाला किती तापवतात, तेही मोजता येईल. शेडनेटखाली हवेचं तापमान अर्धा-पाऊण अंशच उतरलेलं दिसेल आणि तू हिरमुसशील, पण चेंडूतलं तापमान चांगलंच उतरलेलं असेल. माणसाला जाणवतं ते हे. मॉडेलमध्येही हवेच्या तापमानाबरोबर सरासरी किरण-तापमान काढायला विसरू नकोस.

तीन आठवड्यांत बसेल असा क्रम सांगतो. आधी घाटाकडचा छोटा तुकडा कापून घे, तासा-दोन तासांत संपेल एवढाच, आणि त्यावर जमीन, घरांचं आतलं तापमान, वारा हे एकेक करून बदल. दोन गोष्टी एकदम बदलू नकोस, नाहीतर कशामुळे काय झालं कळणार नाही. ते पटलं की पूर्ण मॉडेलचा, आहे तशा बोळाचा एकच रन, आणि तो नव्या मोजमापाशी ताडून पाहायचा. दीड-दोन अंशांचा फरक उरला तर तो तसाच लिही, रगडून जुळवू नकोस. मग त्याच सेटिंगवर, दशांशही न बदलता, कडुनिंब आणि शेडनेट. उरलेला वेळ २९० अंशांच्या वाऱ्याला. तीन मीटरच्या बोळाला दोन मीटरचं ग्रिड (मॉडेलच्या चौकोनांची जाळी) तू वापरलंयस, ते एक मीटरचं कर. बोळाच्या रुंदीत निदान तीन चौकोन यायलाच हवेत. त्यासाठी लांबून आणलेल्या इमारती कापाव्या लागल्या तर काप. फक्त पश्चिमेला नदीचे काही चौकोन मोकळे सोड, वारा थेट भिंतीवर आदळायला नको. या मॉडेलमधलं पाणी साचलेलं असतं, वाहतं नाही, तेव्हा कृष्णेच्या गारव्याबद्दल मोठे दावे करू नकोस.

साताऱ्याच्या एका विद्यार्थ्यानेही यंदा असंच काहीसं विचारलंय, म्हणून जाता जाता त्यालाही इथेच सांगतो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या पेठा घेतल्यास तर सपाट मॉडेलला तो डोंगर दिसत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो आणि डोंगरही दक्षिणेलाच, त्यामुळे पायथ्याला ऊन उशिरा येतं. रात्री उतारावरून थंड हवा घरंगळते, तीही नाही. मेमधली दुपार घे, निभावून जाईल.

शेवटचा एक टॅब राहिला. माणसाला उन्हा-उकाड्याचा किती त्रास होतो हे पीईटी या निर्देशांकात काढताना समोर आधीच एक माणूस भरलेला असतो: ३५ वर्षांचा पुरुष, उंची १.७५ मीटर, वजन ७५ किलो, आणि अंगावर ०.९ क्लोचे (क्लो हे कपड्यांच्या ऊबेचं एकक) कपडे, म्हणजे जवळपास सूटबूट. तुझ्या बोळाच्या तोंडाशी दुपारभर टोपली घेऊन बसणाऱ्या भाजीवाल्या मावशी यात बसत नाहीत. वय, उंची, वजन, कपडे त्यांच्या अंदाजाने बदल, आणि काय बदललंस ते तक्त्याखाली एका ओळीत लिही. ज्युरीतलं कोणीतरी नेमकं तेच विचारेल.